कासव आडवं आलं

सबीका: अरे, सगळी पिऊ नकोस. तळाशी थोडी राहू दे.

खलफ: कॉफी राहू दे? ताई, मी तुझा सख्खा भाऊ. मी कधी फिंजानाच्या तळाशी काही ठेवलंय? आई म्हणायची, खलफने प्यालेलं भांडं विसळावंसुद्धा लागत नाही.

सबीका: तळाशी गाळ असतो. पोटाला बरा नाही. दे इकडे तो फिंजान.

खलफ: ओढू नकोस! डावा हात मोडलाय, उजवा शाबूत आहे माझा. हा बघ, गेला शेवटचा घोट. ओत दुसरा.

सबीका: झोप लागणार नाही रात्री.

खलफ: तशीही लागत नाही. या प्लास्टरच्या आत मुंग्या फिरल्यासारखं होतं. आणि घरचा मालक पाहुण्याला 'ये' म्हणायला बाहेर येत नाही, तेव्हा कॉफीनं तरी माझं स्वागत करावं. आहे कुठे तुझा नवरा?

सबीका: आत. पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून भिंतीकडे तोंड करून बसलाय. एवढं समुद्रावरचं घर, चहूकडून पाणी दिसतं. एकच भिंत आहे जिथून दिसत नाही. ती त्यानं बरोब्बर शोधून काढली.

खलफ: लाज वाटत असेल.

सबीका: कुठली लाज! तू येतोयस म्हटल्यावर म्हणाला, "येऊ दे, पण डोळे मिटून ये म्हणावं."

खलफ: डोळे मिटून? ते का?

सबीका: खजूर घे ना. या वर्षीचा आहे.

खलफ: ताई, डोळे का मिटून? आणि थांब, तुझ्या पायाशी ती बरणी कसली? लपवू नकोस, दिसली मला. काय आहे आत? काळं, दोन थेंब... ताई! कॉफी आहे ही! मगाशी मी फोनवर बोलत होतो तेव्हा माझा फिंजान उचललास तो याच्यासाठी? तू माझं उष्टं जमवतेयस?

सबीका: ओरडू नकोस, शेजारी ऐकतील.

खलफ: ऐकू देत! दृष्ट! माझी दृष्ट लागली म्हणतो तो?

सबीका: मी नाही म्हणत. तो म्हणतो. पहिल्याच दिवशी किनाऱ्यावर सगळ्यांच्या देखत तू त्याच्या नव्या जेटस्कीभोवती दोन फेऱ्या मारल्यास, शिट्टी वाजवलीस आणि म्हणालास, "काय वस्तू आहे!" त्यापुढचं 'माशाल्लाह' कुठे गेलं? घशात अडकलं?

खलफ: मनात म्हटलं होतं.

सबीका: मनातलं दृष्टीला ऐकू येत नाही. आई काय करायची? ज्याची दृष्ट, त्याचंच उष्टं शिंपडायची. घोटभर राहू दिलं असतंस तर आतापर्यंत काम उरकलं असतं. पण तुझ्या घशाखाली सगळंच उतरतं, एक माशाल्लाह सोडून.

खलफ: म्हणजे हात माझा मोडला आणि दृष्ट लागली जेटस्कीला! तिला काय झालं? मागच्या बाजूला एक ओरखडा. मग माझ्या हातावर कुणाचं उष्टं शिंपडायचं? तिच्या टाकीतलं पेट्रोल?

सबीका: मला नको सांगूस. मी शाळेत भूगोल शिकवला, मला समुद्र नकाशावर कळतो.

खलफ: तुला नाही, कुणाला सांगू मग? आठ दिवसांत अख्खं खैरान माझ्या दारात येऊन गेलं. मासळी बाजारातला तो झुबैदीवाला, ज्याच्याशी मी दरवेळी भांडतो, तो मासे घेऊन आला. ज्यांना मी ओळखत नाही ते येऊन "देव बरं करो" म्हणून गेले. आणि चुलत भाऊ, मेव्हणा आणि बालमित्र, हे तिघं एकाच माणसात मला मिळालेत. त्या तिघांतला एकही आला नाही.

सबीका: फोन तरी?

खलफ: फोन! जर्राहकडून निरोप आला, "बाबा विचारतायत, विम्याचा माणूस आला तर काय सांगायचं?" मी तुझ्या पोराला म्हटलं, सांग, बाबांनी समुद्रावर सोफा टाकला आणि मामा त्याला धडकला.

सबीका: सोफा काय रे? चांगली महागाची वस्तू आहे.

खलफ: सोफाच. खालचं अंग वेगळं, वरचं अंग वेगळं, मधे स्प्रिंग. खाली लाटा बडवतायत आणि वर महाराज सीटवर डुलतायत. त्याच्यात कॉफी ठेवायला जागासुद्धा आहे. एक उशी दे, झोपेल त्यावर. आणि तो ब्रेक! डाव्या हाताला दांडी. दाबली की मागच्या पाण्याच्या धारेवर झाकण पडतं, धार उलटी पुढे फेकली जाते आणि गाडी जागच्या जागी उभी. समुद्रात ब्रेक! पुढे काय, लाल दिवा लागलाय? शाळेची पोरं रस्ता ओलांडतायत? आपल्या आजोबांच्या गलबताला ब्रेक होता?

सबीका: पुढे लहान मूल आलं तर थांबायला हवंच ना.

खलफ: वळायचं! ताई, आमच्यात एकच नियम. पुढचा थांबत नाही, पुढचा वळतो. अडचण दिसली की रेस द्यायची आणि वळायचं, कारण रेस सोडली तर हँडल कितीही फिरव, ती सरळच जाते. पुढचा वळला की मागचा वळतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून हेच करत आलोय. आणि हा माणूस भर समुद्रात, समोर काही नसताना, उभा! माझ्या जुन्या गाडीला ब्रेक नाही. मी कुठे थांबणार, त्याच्या मांडीवर?

सबीका: तो म्हणतो, ब्रेक लागला की मागच्याला कळावं म्हणून पाण्याचा फवारा उडतो.

खलफ: उडतो ना. फार सुंदर उडतो. आधी कारंजं बघितलं, मग आकाश बघितलं, मग दवाखान्याचं छत बघितलं.

सबीका: झालं बोलून? मग ऐक. तुला मी उष्ट्यासाठी नाही बोलावलं. म्हणजे त्यासाठीही बोलावलं, पण आणखी एक आहे. तो जेटस्की विकतोय. गिऱ्हाईक तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर येणार आहे.

खलफ: बरं झालं. सोफा गेला की जुनी बाहेर काढेल.

सबीका: जुनी कधीच गेली. नवीही जाणार, आणि त्यानंतर काही येणार नाही. समुद्र बंद. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की लाटांचे धक्के पाठीला चालणार नाहीत. मग त्यानं ही स्प्रिंगची हुडकून काढली. सहा महिने तिचीच पुस्तिका वाचत होता, मला वाचून दाखवत होता. मी भाजी निवडतेय आणि हा सांगतोय, वरचं अंग किती दबतं, किती उचलतं. शेवटचा उपाय म्हणून घेतली. आणि आता म्हणतो, तीही नको.

खलफ: समुद्र बंद म्हणजे... कायमचा?

सबीका: कायमचा. आणि मग तो काय करणार, ठाऊक आहे? घरात बसणार. काल त्यानं माझे मसाल्याचे डबे अक्षरांच्या क्रमानं लावले. परवा मला मचबूसचा भात करायला शिकवलं. मला! आणखी एक महिना हे चाललं तर पाठीचं दुखणं मला होईल.

खलफ: हसू नकोस तू. तुझे डोळे हसत नाहीयेत.

सबीका: नाहीच हसत. रात्री उठून खिडकीशी उभा राहतो, पाण्याचा आवाज आला की खिडकी लावून घेतो. मला बघवत नाही रे. आणि तुम्ही दोघं बोलत नाही, हे तर त्याहून बघवत नाही.

खलफ: म्हणजे मी जाऊन त्याची मनधरणी करू? हात माझा मोडला!

सबीका: मनधरणी नको. उष्टं तेवढं ठेव. दृष्ट काढून तरी विकू दे. दृष्ट लागलेली वस्तू लोकाच्या गळ्यात बांधायची म्हणजे... मी काय तसली बाई आहे?

(दार सरकतं. मिशारी बाहेर येतो, एक हात कमरेवर.)

मिशारी: सबीका, गरम पाणी संपलं.

खलफ: व अलैकुम सलाम, बू जर्राह. जर्राहच्या बापाला सलाम करणंसुद्धा जड झालं?

मिशारी: ...सलाम. कसा आहे हात?

खलफ: बघ की. प्लास्टरवर अख्ख्या गावानं सह्या केल्यात. तुझ्यासाठी जागा ठेवली होती, ती शेवटी झुबैदीवाल्यानं भरली.

मिशारी: मी येणार होतो. पाठ धरली होती.

खलफ: ज्या पाठीसाठी स्प्रिंगची गादी घेतलीस तीच का?

मिशारी: गादी नाही. सस्पेन्शन.

खलफ: माफ कर. तुझ्या सस्पेन्शनला माझी दृष्ट लागली म्हणे.

मिशारी: सबीका, याला सांगितलंस?

सबीका: मी नाही. बरणीनं सांगितलं.

मिशारी: तूच म्हणाला होतास ना, काय वस्तू आहे?

खलफ: म्हणालो! आणि तू काय म्हणालास? "तुझीच समज." घेऊन जायला हवी होती त्याच क्षणी. तशीच ट्रेलरला लावून घरी नेली असती तर आज हात धड असता. चूक झाली, रीत म्हणून "तुलाच लखलाभ" म्हणालो.

मिशारी: हे बघ, पुढे कासव होतं.

खलफ: हो का.

मिशारी: मोठं. आडवं आलं. ब्रेक दाबणं भाग होतं.

खलफ: ताई, ऐकलंस? कासव आडवं आलं.

सबीका: ऐकलं. आठ दिवस ऐकतेय. पहिल्या दिवशी ताटाएवढं होतं, परवा परातीएवढं झालं. उद्यापर्यंत पाठीवर बसून फैलाका बेटावर जाता येईल.

खलफ: आणि बिचारं किती चपळ! आम्ही एवढ्या वेगात, तरी तुला आडवं जाऊन, मी पोचायच्या आत गायब. एवढा त्याचा जीव वाचवलास, ते तरी तुला भेटायला आलं का? नाही, चुकलो. भेटायला तू आला नाहीस.

मिशारी: थट्टा कर. तू मागे होतास, तुला काय दिसणार?

खलफ: मागे होतो म्हणूनच दिसलं. कासव नव्हतं, मिशारी.

मिशारी: पाणी गढूळ होतं, वारा होता...

खलफ: मी पाणी बघतच नव्हतो. मी तुझी पाठ बघतो.

मिशारी: काय?

खलफ: लाट यायच्या आधी तुझे खांदे वर जातात. कानाला टेकतात. पूर्वी नव्हते जात. पाठीचं दुखणं सुरू झालं तेव्हापासून जातात. खांदे कानाला लागले की मी समजतो, आता याला कळ येणार. आणि रेस थोडी कमी करतो, पडलास तर तुझ्या अंगावरून जाऊ नये म्हणून. त्या दिवशीही खांदे वर गेले. मी कमी केली. पण तू पडला नाहीस. तू थांबलास. ते माझ्या हिशेबातच नव्हतं.

सबीका: थांब. म्हणजे तू याच्या मागे राहतोस ते...

खलफ: माझी गाडी जुनी आहे, हळू आहे. असंच सांगतो ना हा दिवानियाच्या बैठकीत सगळ्यांना? "खलफ येतोय, सूर्य मावळेपर्यंत पोचेल." लोक हसतात. मीही हसतो. माझी काही हळू नाही, ताई. विचार त्याला, शर्यतीत कुणाची पुढे असायची.

मिशारी: तू मला सांगितलं नाहीस कधी.

खलफ: काय सांगू? स्पर्धेतल्या ढाली दिवानियाच्या कपाटात लावून बसलेल्या माणसाला सांगू, की पडशील म्हणून मी मागे असतो? तू मला आयुष्यभर सोडलं नसतंस.

सबीका: मिशारी. बस खाली. मग काय झालं त्या दिवशी?

मिशारी: काही नाही झालं. तेच तर.

सबीका: सरळ बोल.

मिशारी: आधी बांधाच्या आतच फिरवली होती, तिथे लाट कुठली. त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर काढली. मोठी लाट आली समोरून. मी नेहमीसारखा तयार झालो. दात आवळले, दोन्ही हात आवळले, आता बसणार म्हणून. आणि बसलीच नाही.

खलफ: काय बसली नाही?

मिशारी: कळ. लाट खालून गेली. खालचं अंग वर आलं, आपटलं, मला ऐकू आलं. पण वर काही नाही. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा दुखलं नाही, खलफ. मी तसाच हात आवळून बसलेला, विचार करतोय, हे काय झालं? आणि डाव्या मुठीत ती दांडी. जुन्या गाडीला तिथे काहीच नव्हतं, कितीही आवळा.

सबीका: म्हणजे स्प्रिंगनं काम केलं.

मिशारी: केलं. ब्रेकनंही केलं. पुस्तिकेत लिहिलंय तसंच सगळं झालं. फक्त माझ्या हातांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

खलफ: मग कासव कशाला?

मिशारी: मग काय सांगू? लाटेला भिऊन हात आवळले आणि मेव्हण्याचा हात मोडला?

खलफ: आणि दृष्ट?

मिशारी: ते सोपं पडलं. तुझी दृष्ट म्हटलं की तुझ्याकडे यायला नको. मला तो हात बघवणार नव्हता. आताही बघवत नाहीये. ते प्लास्टर जरा तिकडे कर.

खलफ: नाही करत. बघ चांगलं.

सबीका: शाब्बास. एक भिंतीकडे तोंड करून बसतो, दुसरा प्लास्टर नाचवतो. दोघांचं वय मिळवलं तर एका माणसाला अक्कल यायला पुरेल. बाहेर गाडीचा आवाज आला?

मिशारी: गिऱ्हाईक असेल. चावी दे, सबीका. दाखवून टाकतो.

खलफ: कशी दाखवणार? ट्रेलरवर? भांडं घेताना माणूस वाजवून घेतो. ही तर पाण्यात चालवून दाखवावी लागेल.

मिशारी: जर्राह चालवेल.

सबीका: जर्राह शहरात गेलाय. मीच पाठवलं.

मिशारी: तू पाठवलंस?

सबीका: काहीतरी संपलं होतं. आठवत नाही आता काय ते.

खलफ: चल उठ. बांधापर्यंत जाऊन येऊ.

मिशारी: येऊ? तू कुठे या हातानं?

खलफ: मागे बसेन. स्प्रिंग दोघांना पुरते ना? का तीही नुसती तुझ्यापुरती आणलीस?

मिशारी: पुरते. दोघांच्या वजनाप्रमाणे स्वतःच कमीजास्त होते. मागच्याला पण...

सबीका: झाली सुरू पुस्तिका. इकडे ये तू आधी, हात पुढे कर. ही खुब्जच्या रोट्यांची पिशवी बांधते त्यावर. प्लास्टर भिजवलंस तर उरलेला हात मी मोडेन. आणि दोघांनीही जॅकेट घालायचं, पट्टे लावून. चॅम्पियननंसुद्धा.

खलफ: आवळ अजून, पाणी जाईल. पिठाचे कण आहेत गं आत, मासे मागे लागतील.

सबीका: मासे कशाला, कासवं लागतील.

मिशारी: आणि ते गिऱ्हाईक?

सबीका: त्याला मी कॉफी देते. सांगते, मालक वस्तू तपासून बघतायत. विकायची की नाही ते आल्यावर सांगतील.

मिशारी: विकायचीच आहे.

सबीका: हो, हो. आल्यावर सांग.

खलफ: ताई, हा फिंजान धर. बघ.

सबीका: अरे! तळाशी ठेवलीस?

खलफ: घोटभर आहे. फार जड गेलं मला. शिंपड आता. पण जेटस्कीवर नको, ती बिचारी शहाणी आहे. याच्या हातांवर शिंपड.

सबीका: पुढे कर रे हात. दोन्ही. माशाल्लाह, माशाल्लाह, माशाल्लाह. खलफच्या वाटचंही म्हटलं. निघा आता.

मिशारी: खलफ.

खलफ: काय?

मिशारी: बांधाच्या आत काही नाही. पण बाहेर पाणी उठलंय आज. लाट आली आणि हात पुन्हा आवळला गेला तर?

खलफ: तर आवळ. थांबलो तर दोघंही थांबू.